अँजिओप्लास्टी झालेल्या वडिलांसाठी मासे: कोणते, किती आणि कसे शिजवलेले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील बासष्ट वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी मटण बंद करून मासे खायला सांगितले. घर मूळचं मालवणचं, राहायला ठाण्यात. तेव्हापासून तुम्ही दर आठवड्याला सुरमई नाहीतर पापलेट आणता आणि महिन्याचा हिशोब कोलमडतो. कोलंबी आणि कुर्ल्या कोलेस्टेरॉलच्या भीतीने बंद. आईंना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पत्नीला चौथा महिना लागलाय, आणि गरोदरपणात मॅकरेल खाऊ नये असं तिच्या वाचनात आल्यामुळे बांगडाही घरात येईनासा झाला. शिवाय माशाच्या तेलाची कॅप्सूल घेतली तर ही सगळी यातायात वाचेल का, असं तुम्ही विचारता.

आधी मुख्य गोष्ट सांगते: बांगडा परत आणा. तारलीही (सार्डिन) आणा. ज्या कारणासाठी डॉक्टरांनी मासे सांगितले, ते कारण सुरमई-पापलेटपेक्षा या दोन स्वस्त माशांत जास्त भरलेलं आहे. आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहते. घरात आजारपण आलं की माणसं प्रेमापोटी सगळ्यात महाग मासा आणतात, आणि ज्याची खरी गरज असते तो बाजारात टोपलीत पडून राहतो.

माशातलं जे तेल हृदयाला उपयोगी पडतं, त्यातले महत्त्वाचे दोन घटक म्हणजे ईपीए आणि डीएचए. हे ओमेगा-३ प्रकारचे स्निग्धाम्ल आहेत आणि मासा ते स्वतः फारसे तयार करत नाही. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात ते बनतात. तारली आणि बांगडा थव्याने फिरत हेच सूक्ष्म शैवाल आणि त्यावर जगणारे बारीक जीव गाळून खातात, म्हणून त्यांच्या अंगात हे तेल थेट साठतं. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं खोल पाणी वर येतं, त्याबरोबर पोषकद्रव्यं येतात, शैवाल माजतं, आणि पाऊस सरताना तारली लठ्ठ होते. तिच्या मांसातल्या चरबीचं प्रमाण वर्षाच्या काही महिन्यांत दोन-तीन टक्के असतं, तर काही महिन्यांत दहा टक्क्यांच्याही वर जातं. नारळी पौर्णिमेनंतर, सप्टेंबरपासून थंडीपर्यंत मिळणारी तारली तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते. कोकणातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पापलेटमध्येही चरबी असते, पण तिच्यातला ईपीए-डीएचएचा वाटा बांगडा-तारलीइतका नसतो. बोंबील तर बहुतांशी पाणीच. चवीला उत्तम, पचायला हलका, प्रथिनं देणारा, पण ओमेगा-३ साठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

जवस आणि अक्रोड यांत जे ओमेगा-३ असतं ते वेगळ्या प्रकारचं. शरीर त्याचं ईपीएमध्ये रूपांतर करतं, पण शेकडा थोडकंच, आणि डीएचएमध्ये तर त्याहूनही कमी. म्हणून जवसाची चटणी चांगली असली तरी ती बांगड्याची जागा घेत नाही. श्रावणात किंवा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासे नसतील तेव्हा जवस खा, त्यात काही वाईट नाही.

आता हा सगळा उपदेश कशावर उभा आहे तेही सांगते, कारण माशांविषयी वाढवून बोलणारे पुष्कळ आहेत. १९८९ मध्ये वेल्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी काहींना आठवड्यातून किमान दोनदा तेलकट मासे खायला सांगितलं होतं. दोन वर्षांत त्या गटातले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी होते. पण पुढे त्याच चमूने अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) रुग्णांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात असा फायदा दिसला नाही. म्हणजे चित्र सरळ नाही. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो २०२१ चा अभ्यास, ज्याच्या प्रमुख लेखकांत चेन्नईच्या मधुमेह संशोधन संस्थेतले संशोधक होते. ५८ देशांतल्या १,९१,५५८ लोकांच्या नोंदी त्यात होत्या. आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांपैकी जे आठवड्याला १७५ ग्रॅम किंवा अधिक मासे खात होते, त्यांच्यात पुढचे झटके आणि मृत्यू साधारण सहाव्या हिश्शाने कमी आढळले. ज्यांना आजार नव्हता त्यांच्यात असा फरक दिसला नाही. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही तुमचे वडील नेमके त्या पहिल्या गटात मोडतात, म्हणून त्यांच्यासाठी मासे आग्रहाने सांगावेत असं माझं मत आहे.

मात्र एक अट आहे. मासे मटणाच्या जागी यायला हवेत, मटणाच्या शेजारी नव्हे. पुष्कळ घरांत रविवारी मटण तसंच राहतं, संध्याकाळचं फरसाण तसंच राहतं आणि बुधवारी वर मासा येतो. त्याने काही साधत नाही. भाताचंही तसंच. माशाच्या आमटीबरोबर भात किती जातो ते बघा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढलेल्या माणसाने बांगडा खाऊन त्यावर तीन वेळा भात घेतला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. वडिलांना आणि आईंना दोघांनाही भाताची एक वाटी, सोबत एक-दोन भाकऱ्या आणि भरपूर काकडी-मुळा, असं ताट वाढा.

किती खायचं? शिजलेला मासा साधारण ८५ ते १०० ग्रॅम, असे आठवड्यात दोन-तीन वेळा. किलोत सात-आठ बसतात त्या आकाराचा बांगडा घेतलात तर डोकं, पोट, काटा जाऊन एकातून सत्तर-ऐंशी ग्रॅम मांस मिळतं, म्हणजे एका वेळी एक ते दीड बांगडा पुरे. आपल्याकडे वार पाळतात हे इथे कामाला येतं. सोमवार, गुरुवार, शनिवार वगळून बुधवार, शुक्रवार, रविवार हा जो रिवाज आहे, तो आठवड्याला दोन-तीन वेळांच्या शिफारशीत अगदी बसतो. तीनही वारी मासा केलात तर दोन वार बांगडा-तारलीचे ठेवा आणि तिसरा तुमच्या आवडीचा, मग तो बोंबील असो, मांदेली असो की कधीमधी सुरमईची तुकडी.

शिजवण्याबद्दल मी हट्टी आहे, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. कढईत तेलात बुडवून तळलेल्या माशातून पाणी बाहेर जातं, तळणाचं तेल आत शिरतं, आणि माशाचं स्वतःचं नाजूक तेल काही प्रमाणात तळणात उतरतं किंवा जास्त आचेने खराब होतं. अमेरिकेत वृद्धांवर केलेल्या एका मोठ्या पाहणीत भाजलेले किंवा बेक केलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, तळलेले खाणाऱ्यांत दिसले नाहीत. म्हणून रव्यात घोळवून तळलेला मासा वडिलांसाठी महिन्यातून एखाद्या वेळी. रोजचं म्हणाल तर मालवणी स्वयंपाकात उत्तम पर्याय आधीपासून आहेत. तिरफळं आणि आमसुलं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं घ्या: तेल नाममात्र, खोबरं थोडं किंवा नाहीच, आणि माशाचं जे तेल सुटतं ते रसातच राहतं आणि पोटात जातं. हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेली तारलीही तशीच. तव्यावर चमचाभर तेल सोडून मंद आचेवर भाजलेला बांगडाही चालेल, फक्त वरचा रवा पातळ ठेवा. आमटीचं वाटण करताना खोबरं नेहमीच्या निम्मं घ्या आणि कांदा, धने, लसूण वाढवा. खोबऱ्यात संपृक्त चरबी भरपूर असते आणि वडिलांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आता शक्य तितकं खाली ठेवायचं आहे. सोलकढीसुद्धा पातळ, आणि मीठ बेताचं.

कोलंबीबद्दल तुमची भीती समजते, पण ती अर्धीच खरी आहे. शंभर ग्रॅम कोलंबीत दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमपर्यंत कोलेस्टेरॉल असतं हे बरोबर. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः वाढतं ते संपृक्त चरबीने, आणि ती कोलंबीत अत्यल्प असते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात निरोगी माणसांना रोज ३०० ग्रॅम कोलंबी खायला दिली. एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, पण एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, १२ टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड १३ टक्क्यांनी उतरलं. आणि रोज ३०० ग्रॅम कोण खातं? अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून २०१५ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची ठरावीक मर्यादाही काढून टाकली गेली. वडिलांना पंधरवड्यातून एकदा, दहा-बारा मध्यम कोलंब्या, लसूण-कोकमात परतलेल्या, असं मी नि:शंक सांगते. कोलंबीचं भुजणंही चालेल. तळलेली कोलंबी, बटर गार्लिक कोलंबी किंवा खोबऱ्याच्या दाट रसातली कोलंबी मात्र नको. कुर्लीलाही हाच न्याय, फक्त तिचा पिवळा लाख वडिलांनी बाजूला ठेवावा.

आईंच्या बाबतीत मला तिसऱ्यांबद्दल, म्हणजे खायच्या शिंपल्यांबद्दल, बोलायचं आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि आपण ते सगळं मधुमेहाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. त्यांची ब-१२ ची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. रोजची गरज असते जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि शिंपल्यांतले मासे हे या जीवनसत्त्वाच्या सर्वांत समृद्ध स्रोतांपैकी आहेत. वाटीभर तिसऱ्यांच्या मांसात अनेक दिवसांची गरज भागेल इतकं ब-१२ असतं. शिवाय लोह, जस्त, सेलेनियम, आयोडीन. कालवांत जस्त तर इतकं की रोजच्या खाण्यातला दुसरा क्वचितच कुठला पदार्थ त्यांच्या जवळ येतो. किंमत, पोषण आणि चव या तिन्हींचा विचार केला तर तिसऱ्यांइतका फायद्याचा सौदा मासळी बाजारात मला दिसत नाही, आणि शहरात वाढलेली पिढी केवळ साफ करायचा कंटाळा म्हणून त्यांना विसरत चालली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक शिंप काढून टाकून दुसरीतल्या मांसासकट केलेली एकशिपी करा. शिंपल्या उघडताना निघणारं पाणी फेकू नका, कारण ब-१२ पाण्यात विरघळतं. ते पाणी वाळू खाली बसू देऊन गाळा आणि रसात घाला. पण ते मुळातच खारट असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका. आईंचं ब-१२ फारच कमी निघालं तर मात्र तिसऱ्यांवर विसंबू नका, डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्यावंच लागेल.

शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. सांडपाणी सुटणाऱ्या खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं घेऊ नका, विकणारीला कुठल्या खाडीच्या ते विचारा. घेताना शिंपली बंद असावी, उघडी असेल तर टिचकी मारल्यावर मिटावी. नाही मिटली तर ती मेलेली आहे, टाकून द्या. अख्खी शिजवल्यावर जी उघडत नाही तीही टाका. कच्ची कालवं लिंबू पिळून खायची हौस मधुमेहींनी आणि गरोदर बायकांनी अजिबात करू नये. त्यांतले जंतू अशा माणसांना गंभीर आजारी पाडू शकतात.

तुमच्या पत्नीने वाचलं ते चुकीचं नाही, पण ते आपल्या बांगड्याबद्दल नाही. अमेरिकी सूचनांत गरोदर स्त्रियांनी टाळायच्या माशांत किंग मॅकरेल आहे. तो मोठा, शिकारी, बरीच वर्षं जगणारा मासा. आणि गंमत बघा, त्याचा जवळचा भाऊबंद आहे आपली सुरमई, बांगडा नव्हे. ही सूचना माशातल्या पाऱ्यामुळे आहे, आणि पाऱ्याचं गणित सोपं आहे. छोट्या माशांत तो कणभर असतो, त्यांना खाणाऱ्या मोठ्यांत साठत जातो, आणि मोठा मासा जितकी वर्षं जगतो तितका वाढत जातो. तो मांसातच बांधलेला असतो, धुऊन, तळून किंवा उकडून जात नाही. म्हणून तिच्यासाठी बांगडा, तारली, मांदेली, मुडदुशी, बोंबील, कोलंबी, तिसऱ्या असे लहान मासे, आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, नीट शिजवलेले. मोठी सुरमई, कुपा (ट्यूना) आणि मोरी (शार्क) या काळात दूर ठेवा. बाळाच्या मेंदूची आणि डोळ्यांची वाढ शेवटच्या तिमाहीत झपाट्याने होते आणि तेव्हा डीएचए आईकडूनच जातं. भीतीने मासे पूर्ण बंद करणं म्हणजे बाळाचंच नुकसान आहे. कोलंबी-कुर्ली उष्ण म्हणून घरातली मोठी माणसं आडकाठी करतील. नीट शिजवलेली असेल आणि तिला ॲलर्जी नसेल तर ती खाण्यात धोका नाही, हे माझ्या वतीने त्यांना सांगा.

बाळंतपणानंतरचा मुद्दाही आताच सांगून ठेवते. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं मटण खाऊ घालायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यामागची माया मला कळते, आणि बाळंतिणीला प्रथिनं हवीतच. पण मोरी हा शार्कच, आणि बाळ अंगावर पीत असताना पाऱ्याची काळजी संपलेली नसते. हातभर लांबीची लहान मोरी एखाद-दोन वेळा केली तर घाबरायचं कारण नाही, पण महिनाभर रोजचा रतीब नको. मुडदुशीचं सार तेच काम करेल.

सुक्या मासळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मालवणच्या घरात ती असणारच. खारा बांगडा मीठ लावून वाळवलेला असतो, वडिलांसाठी तो बंद. सुके बोंबील आणि जवळा बहुधा मिठाशिवाय उन्हात वाळवतात, पण समुद्राचं मीठ त्यांत आटून आलेलंच असतं. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, चिमूटभर मीठही न घालता, भाजीत मूठभर जवळा टाकला तर चालेल. टरफलासकट खाल्ल्यामुळे त्यातून कॅल्शियम चांगलं मिळतं, तसं काट्यासकट चावून खाल्लेल्या मांदेलीतूनही मिळतं. घरात कुणाला युरिक ॲसिडचा त्रास असेल तर मात्र जवळा, तारली आणि तिसऱ्या बेतानेच.

बांगडा घेताना एक सावधगिरी हवी. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले तर जंतू त्यांच्या मांसातून हिस्टामिन तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. जेवणानंतर थोड्या वेळात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या येणं, हा त्रास पुष्कळदा ॲलर्जी समजला जातो आणि माणूस जन्मभर बांगडा सोडतो. कल्ले लालभडक, डोळे फुगीर, अंग दाबल्यावर खळगा न राहणारं, हे बघून सकाळच्या वेळी घ्या. घरी येईपर्यंत बर्फ, आल्याबरोबर साफ करून फ्रिजमध्ये, आणि त्याच दिवशी चुलीवर. कोलंबी-कुर्लीने खरी ॲलर्जी होते ती त्यांच्यातल्या एका प्रथिनामुळे. घसा आवळला, धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

राहिली कॅप्सूल. गेल्या काही वर्षांत दुकानात मिळणाऱ्या साध्या मात्रेच्या माशाच्या तेलावर मोठे प्रयोग झाले आणि सामान्य माणसात हृदयविकार टाळण्याचा ठळक फायदा त्यांत दिसला नाही. मोठ्या मात्रेने तर काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. ट्रायग्लिसराइड खूपच वर असतील तर हृदयरोगतज्ज्ञ ठरावीक औषधी मात्रा देतात, तो त्यांचा निर्णय. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असणारच, तेव्हा स्वतःहून कॅप्सूल सुरू करू नका. ताटातल्या माशाने त्या गोळ्यांना सहसा अडचण होत नाही. आणि बांगड्याबरोबर जी प्रथिनं, ड जीवनसत्त्व, सेलेनियम, आयोडीन येतं, ते कॅप्सूलमध्ये नसतं.

वडिलांचा लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि युरिक ॲसिड, आईंचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि ब-१२, एवढे रिपोर्ट हाताशी ठेवा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रथिनांचं आणि सुक्या मासळीचं प्रमाण मला वेगळं बसवून द्यावं लागेल. नसेल तर येत्या बुधवारपासून तिखल्याने सुरुवात करा आणि तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा तपासा.